कमी पैशात निसर्ग संवर्धनात मास्टर्स: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांनी काय बघायचं

मे महिना आला की माझे फोन सुरू होतात. कुणी आरपीडीचा, कुणी जीएसएसची, कुणी खानापूर-निपाणीच्या कॉलेजातला, बीएस्सीचं शेवटचं सेमिस्टर संपत आलेलं असतंय आणि प्रश्न एकच, ताई मला जंगलाचं पाण्याचं काहीतरी शिकायचंय पण घरी लाखाची फी झेपत नाही, कुठं जाऊ? दरवर्षी तेच सांगून घसा बसतोय म्हणून यंदा लिहून काढलं. मी जांबोटीकडची, घरी भातशेती, एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये केलंय आणि त्यात पैशाच्या काही चुकाही केल्यात, त्या तुम्ही करू नका एवढंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आपण ज्या कोपऱ्यात राहतो तिथून धारवाड, कोल्हापूर आणि पणजी तिन्ही एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. तीन राज्यं, तीन वेगळ्या फी, तीन वेगळे नियम. सीमेवर राहतो म्हणून आपण एरवी रडतो पण ऍडमिशनच्या वेळी हा फायदा आहे, फक्त प्रत्येक राज्याला कागद वेगळा लागतोय आणि तिथंच आपली पोरं अडकतात.

पहिलं: काम कसलं करायचंय ते आधी

मी एमएस्सीला चालले तेव्हा मामा म्हणाला, "म्हणजे फॉरेस्टात गार्ड होणार काय गं?" सगळे हसले, पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. खूप जणांच्या डोक्यात खाकी कपडे असतात. तसं असेल तर नीट ऐका, रेंज फॉरेस्ट ऑफिसर किंवा यूपीएससीच्या इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसला डिग्री पुरते, मास्टर्स लागत नाही. बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, जिऑलॉजी असला एखादा विषय डिग्रीला असला की यूपीएससीचा फॉर्म भरता येतोय. मग दोन वर्षं आणि घरचे पैसे एमएस्सीत घालण्यापेक्षा अभ्यासाला बसा, आणि कर्नाटकातली नोकरी हवी असेल तर कन्नड वाचता-लिहिता येईल एवढं तयार करा, त्याला पर्याय नाही. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या लोकांना अर्ज करता येतोय, १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतोय, तेही डोक्यात ठेवा.

मास्टर्स खरं उपयोगी पडतं ते रिसर्चला, लेक्चररशिपला, एनजीओत पाणलोट किंवा जैवविविधतेच्या प्रोजेक्टवर, कंपनीच्या एन्व्हायर्नमेंट सेलमध्ये, कन्सल्टन्सीत, जीआयएसच्या म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामाला. यातलं कुठलं ते अगदी पक्कं नसलं तरी चालेल, पण बंद खोलीत लॅब चालेल की रानात भिजायला आवडतंय एवढं तरी स्वतःला विचारा.

दुसरं: कोर्सच्या नावाला फसू नका

"नॅचरल रिसोर्स कन्झर्व्हेशन" अशा नावाचा कोर्स शोधत बसलात तर हाताला फारसं लागणार नाही आणि जे लागेल ते बहुतेक महागडं असेल. आपल्याकडं हाच अभ्यास चार-पाच नावांखाली विभागलाय.

एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स सगळ्यात सोपा रस्ता, कारण बहुतेक ठिकाणी कुठल्याही बीएस्सीवाल्याला घेतात. पाणी, माती, प्रदूषण, ईआयए म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासणं, थोडी इकॉलॉजी. कोल्हापूरच्या शिवाजी युनिव्हर्सिटीत आहे, पुण्याला सावित्रीबाई फुले युनिव्हर्सिटीत आहे, शिमोग्याजवळ शंकरघट्टला कुवेंपू युनिव्हर्सिटीत आहे, म्हैसूरला आहे. कुवेंपूत वाइल्डलाइफ अँड मॅनेजमेंट असा वेगळा विभागच आहे, तो आपल्याकडच्या पोरांना माहितीच नसतोय.

फॉरेस्ट्री वेगळी. सिरसीचं कॉलेज ऑफ फॉरेस्ट्री धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठाचं, दोन्हीकडचं रान बघून जीव हरखतो, पण ही कृषी विद्यापीठं मुख्यतः बीएस्सी फॉरेस्ट्री, ऍग्री असलेल्यांना घेतात. साध्या बीएस्सीवाल्याला फॉरेस्ट्री करायची असेल तर डेहराडूनचं एफआरआय म्हणजे फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट बघा, तिथं बॉटनी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, मॅथ्स, फिजिक्स, झूलॉजी यातला एक विषय असला तरी एमएस्सी फॉरेस्ट्रीच्या एंट्रन्सला बसता येतंय. एन्व्हायर्नमेंट मॅनेजमेंटचाही कोर्स तिथं आहे. घरापासून लांब आहे, हे खरं.

वाइल्डलाइफमध्ये दोन मोठी नावं, डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि बेंगळूरची एनसीबीएस. सीट मूठभर, निवड कडक, आणि एनसीबीएसचा कोर्स एक वर्ष आड भरतोय, तेव्हा यंदा ऍडमिशनचं वर्ष आहे का ते आधी बघा, नाहीतर अभ्यास करून बसाल आणि फॉर्मच निघणार नाही. या दोन्हींच्या भरवशावर बाकीचे फॉर्म सोडायचे नाहीत. तमिळनाडूत ऊटीच्या सरकारी आर्ट्स कॉलेजात एमएस्सी वाइल्डलाइफ बायोलॉजी आहे, पुण्यात गरवारे कॉलेजला एमएस्सी बायोडायव्हर्सिटी आहे, अशी नावं लोक पटकन घेत नाहीत.

आणि साधं बॉटनी, झूलॉजी, जॉग्रफी विसरू नका बरं. धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीत बॉटनी किंवा झूलॉजी करून डेझर्टेशन म्हणजे शेवटचा रिसर्च प्रोजेक्ट इकॉलॉजीवर केलेली पोरं मला एन्व्हायर्नमेंटवाल्यांपेक्षा फील्डमध्ये पक्की दिसली, कारण झाड ओळखता येतंय. समुद्राची आवड असेल तर याच युनिव्हर्सिटीचा मरीन बायोलॉजी विभाग कारवारला आहे.

बीए, बीकॉमवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. इग्नूचं एमए एन्व्हायर्नमेंटल स्टडीज कुठल्याही डिग्रीवर होतंय. बेंगळूरच्या अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटीत एमए डेव्हलपमेंट आहे, तिथली फी बघून दचकाल पण घरच्या उत्पन्नाप्रमाणे स्कॉलरशिप देतात, म्हणून फीचा आकडा बघून टॅब बंद करायचा नाही. भोपाळच्या आयआयएफएमचं म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेस्ट मॅनेजमेंटचं मात्र एमबीए आहे, कॅटच्या परीक्षेवर घेतात आणि खर्च एमबीएसारखाच, कर्ज काढायची तयारी असेल तरच.

तिसरं: फी नको, पूर्ण खर्च मांडा

इथं जरा थांबते कारण सगळे इथंच चुकतात. मी स्वतः फक्त फी बघितली होती. फी कमी म्हणून खुश होऊन गेले आणि पहिल्या सेमिस्टरला हॉस्टेल मिळालं नाही, बाहेर रूम घेतली, डिपॉझिट, भाडं, मेस, आणि फील्ड ट्रिपचे पैसे वेगळे, बाबांना भाताचे पैसे यायच्या आधीच हात पसरायला लागला.

एक वही घ्या, प्रत्येक युनिव्हर्सिटीला एक पान. त्यावर ऍडमिशन फी, एक्झाम फी, लॅब फी, हॉस्टेल किंवा रूम, मेस, महिन्याला घरी एक फेरी, फील्ड ट्रिप, डेझर्टेशनचा खर्च म्हणजे प्रवास, केमिकल, प्रिंट-बाइंडिंग सगळं. दोन वर्षांचं. समजा एका ठिकाणची वर्षाची फी १५ हजार आहे पण हॉस्टेल नाही आणि रूम-मेस मिळून महिन्याला ७ हजार जातात, तर दहा महिन्यांचे ७० आणि फी १५, वर्षाला ८५ हजार. दुसरीकडं फी ३० हजार पण हॉस्टेल-मेस महिन्याला ३५०० मध्ये भागतंय, तर ३५ आणि ३०, म्हणजे ६५. जास्त फीवालं स्वस्त पडलं. हे आकडे मी नुसते समजावायला घेतलेत, तुमचे तुम्ही विचारून लिहा.

अप-डाऊन जमतंय का ते पण बघा. शक्ती योजनेमुळं कर्नाटकातल्या मुलींना वायव्य कर्नाटक परिवहनच्या साध्या आणि एक्सप्रेस बसला तिकीट लागत नाही, म्हणजे बेळगावच्या मुलीला धारवाडचं जाणं-येणं फुकट. हे २०२३ पासून सुरू झालंय आणि माझ्या ओळखीच्या दोन मुलींचं एमएस्सी निव्वळ यावरच झालं, सकाळी सहाला बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर उभ्या. पण निपाणीहून कोल्हापूरला गेलात तर राज्याबाहेर ही फुकटची सोय तुम्हाला पोचवत नाही, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे पण ते महाराष्ट्राच्या हद्दीतल्या अंतरापुरतं. मुलांनी पास दोन राज्यांच्या मार्गावर चालतो का ते डेपोत जाऊन तोंडानं विचारायचं. आणि खरं सांगायचं तर रोज चार तास बसमध्ये घालवून लॅबचं जर्नल, सेमिनार आणि नेट परीक्षेचा अभ्यास सगळं नीट होत नाही, पहिलं सेमिस्टर ढकलता येतंय, डेझर्टेशनच्या वेळी तिथंच राहायला लागतंय.

ज्यांनी चार वर्षांची ऑनर्स डिग्री केलीय त्यांनी एक बघायचं. यूजीसीच्या २०२४ च्या नव्या आराखड्यात चार वर्षांच्या डिग्रीवर एक वर्षाचं पीजी करता येतंय. कर्नाटकानं २०२४ पासून परत तीन वर्षांची डिग्री आणली, पण मधल्या बॅचच्या काही पोरांनी चौथं वर्ष केलंय. तुम्हाला हवा तो विभाग एक वर्षाचा कोर्स चालवतोय का विचारा, मेसचंच एक वर्ष वाचलं तरी केवढे पैसे झाले.

चौथं: प्रत्येक राज्याचे वेगळे कागद

नाडकचेरीतून जात-उत्पन्न दाखला काढून ठेवा, त्यावरचा आरडी नंबर जपून. कर्नाटकात शिकणार असाल तर एसएसपी पोर्टलवर स्कॉलरशिप, विद्यासिरी वगैरे सगळ्याला तोच लागतोय, आणि आधारवरचं नाव, मार्कलिस्टवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच पाहिजे. आपल्याकडं आडनाव एकीकडं मराठी वळणाचं, दुसरीकडं कन्नड वळणाचं आणि तिसरीकडं फक्त इनिशियल असा प्रकार घरोघरी आहे, तो फेब्रुवारीतच मिटवा.

आता नीट लक्ष द्या. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या थ्री-बी गटात येतोय, पण हा दाखला घेऊन तुम्ही कोल्हापूर-पुण्याला गेलात तर तिथं तो चालत नाही, दुसऱ्या राज्यातला म्हणून ओपनमध्येच धरतात. बाकीच्या जातींचंही साधारण तसंच. म्हणजे कर्नाटकात फी कमी होणारा माणूस महाराष्ट्रात पूर्ण फी भरतोय असं होऊ शकतंय आणि वहीतल्या पानावर हा फरक दिसायला पाहिजे.

उलट बाजूला सीमाभागाच्या सवलती आहेत. इंजिनियरिंगच्या ऍडमिशनला महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी टाइप ई म्हणून वेगळा प्रकार आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतंय आणि ते धरून चालतात की एमएस्सीला पण आपोआप तसंच असणार. तसं नाही. एमएस्सीच्या जागा युनिव्हर्सिटी स्वतःच्या नियमानं भरते. सीमाभागातल्या मुलांसाठी जागा किंवा फीची सवलत त्या वर्षी आहे का, तुमचं गाव ८६५ च्या यादीत आहे का आणि दाखला कुणाच्या सहीचा लागतोय, हे तीन प्रश्न घेऊन ऍडमिशन सेक्शनला जा आणि त्या वर्षाचं परिपत्रक मागून घ्या. गेल्या वर्षी कुणाला तरी मिळालं होतं यावर जाऊ नका.

मायग्रेशन सर्टिफिकेट! हे मी मोठ्यानं ओरडून सांगते. दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायचं म्हणजे आपल्या युनिव्हर्सिटीचं मायग्रेशन लागतंय, महाराष्ट्रात वर एलिजिबिलिटीचा सोपस्कार. मी अर्जच उशिरा केला, आज करते उद्या करते करत, आणि मग हमीपत्र लिहून देऊन प्रोव्हिजनल ऍडमिशनवर बसले, सेमिस्टर संपेपर्यंत जीव टांगणीला. रिझल्ट आला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. रिझल्ट यायच्या आधी तिकडची शेवटची तारीख येत असेल तर पाचव्या सेमिस्टरपर्यंतच्या मार्कलिस्टवर फॉर्म घेतात का विचारा, बहुतेक घेतात.

पाचवं: तारखा

सेंट्रल युनिव्हर्सिट्यांची फी बहुतेक ठिकाणी परवडणारी असते, पाँडिचेरीचा इकॉलॉजी विभाग तर नावाजलेला आहे, जेएनयूतही एन्व्हायर्नमेंटल सायन्स आहे, पण त्यासाठी सीयूईटी पीजी ही देशभरची एंट्रन्स द्यायला लागतेय आणि तिचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला निघतात, एक्झाम मार्चच्या आसपास. आपली पोरं जूनमध्ये जागी होतात तोवर ते सगळं आटपलेलं असतंय. म्हणून फायनल इयरच्या दिवाळीतच ठरवा. कृषी विद्यापीठांच्या काही जागा आयसीएआर या केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेच्या परीक्षेतून भरतात, त्याची वेगळी तारीख. स्टेट युनिव्हर्सिट्यांचं साधारण मे ते जुलै चालतंय.

फॉर्मचे पैसेही मोजा. दहा ठिकाणी फॉर्म भरून दमण्यापेक्षा चार भरा: एक मोठं स्वप्नातलं, दोन जमण्यासारखी, एक घराजवळचं नक्की मिळेल असं.

सहावं: विभागात जाऊन बघा, नाहीतर फोन तरी

वेबसाइटवर सगळ्यांचे फोटो हिरवेच असतात. तिथं शिकणाऱ्या सेकंड इयरच्या पोरांना गाठा, आपल्या भागातलं कुणी ना कुणी असतंयच, आणि त्यांना विचारा वर्षात फील्डवर किती दिवस नेलं, पैसे कुणी भरले, डेझर्टेशनचा गाइड निवडता येतोय का वाटून देतात, लॅबमधलं मशीन चालू आहे का कापड टाकून झाकलंय. मुलींनी हॉस्टेलचं टायमिंग आणि फील्डवर मुक्काम असला तर सोय काय ते विचारायचं, लाजायचं नाही, घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असणार आहे. रेग्युलर फॅकल्टी किती आणि गेस्ट किती हे पण महत्त्वाचं, गेस्ट सर शिकवतात उत्तम पण मधेच गेले की तुमचं डेझर्टेशन लटकतंय.

डिस्टन्सवाल्या कोर्सचं असेल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत त्या वर्षासाठी तो कोर्स आहे का ते बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका. मान्यता असलेली डिस्टन्स डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीनं २०२२ मध्ये सांगितलंय, तेव्हा नोकरी करत शिकणाऱ्यांना इग्नू वाईट नाही. पण ज्याला रिसर्चकडं जायचंय त्याला गाइड, लॅब आणि सोबतची पोरं लागतात, ती घरी बसून मिळत नाहीत असं माझं मत.

सातवं: पैसे कुठून

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर यूजीसीची पीजी स्कॉलरशिप आहे, रेग्युलर मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला असणाऱ्यांना, महिना १५ हजार, वर्षात दहा महिने. डिग्रीच्या मार्कांवर देतात, वेगळी परीक्षा नाही. आपल्याकडं कितीजण अर्ज करतात? मी विचारलं त्यातल्या निम्म्यांनी नावच ऐकलं नव्हतं. ऍडमिशन झाल्या झाल्या पोर्टल बघत राहायचं.

कर्जाचं बोलायचं तर पीएम विद्यालक्ष्मी आहे, निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण न ठेवता मिळतंय, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याजात ३ टक्के सूट. तुमची संस्था त्या यादीत आहे का ते बघून मगच बँकेत जा. तरी स्टेट युनिव्हर्सिटीतल्या साध्या एमएस्सीला कर्ज काढावं असं मला वाटत नाही, या क्षेत्रात सुरुवातीचा पगार जेमतेम असतोय आणि हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतोय.

फुकटात कौशल्य वाढवायचं तर जीआयएस शिका. क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, डेहराडूनची आयआयआरएस, म्हणजे इस्रोचीच संस्था, ऑनलाइन फुकट कोर्स घेते. एमएस्सीला जायच्या आधीच्या सुट्टीत एवढं केलंत तरी वर्गात पुढं असाल. त्यासाठी हजारो रुपये घेणाऱ्या क्लासला जाऊ नका.

डेझर्टेशन आपल्या दाराशी

खर्च वाचवायची ही सगळ्यात मोठी जागा आहे आणि कुणी सांगत नाही. लांबच्या युनिव्हर्सिटीत शिकत असलात तरी गाइडला पटवून डेझर्टेशनचं काम घराजवळ आणा, राहणं-खाणं घरचं. आपल्याकडं काय कमी आहे? कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, भीमगडच्या रानातून म्हादई निघते, बेळगावात बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसात शेतात घुसतंय, मार्कंडेय नदी आहे, हिडकलचं धरण आहे, चिकोडी-निपाणीकडं ऊस आणि तंबाखूच्या जमिनीचं मातीचं काम आहे. औषधी वनस्पतींची आवड असेल तर आयसीएमआरची ट्रॅडिशनल मेडिसिनची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, गाइडच्या ओळखीनं तिथं जाऊन बोला.

पण भीमगड अभयारण्य किंवा काळी टायगर रिझर्व्हच्या आत काम करायचं म्हटलं की फॉरेस्ट डिपार्टमेंटची परवानगी पाहिजे, ती बेंगळूरहून येते आणि महिने जातात, दुसऱ्या सेमिस्टरला अर्ज टाकला नाही तर चौथ्याला हातात काही नसतंय. भीमगडमधल्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळांवर काम करायचं म्हणून माझ्या बरोबरीच्या एकानं दोन वर्षं स्वप्न बघितलं आणि शेवटी गावच्या तळ्यांवर रिपोर्ट लिहिला, चांगला लिहिला, पण आधी माहीत असतं तर तळी दोन पावसाळे बघता आली असती. अभयारण्याबाहेर मालकी रान, देवराई, तळी, नाले यावर काम धरा, मालकाला आणि पंचायतीला विचारून.

ऍडमिशनच्या दिवशी ओरिजिनल कागद प्लास्टिकच्या फोल्डरात, झेरॉक्सचे पाच सेट, बारा फोटो, डीडी मागतात का ऑनलाइन घेतात ते आदल्या दिवशी फोन करून, कारण यूपीआयची मर्यादा नेमकी त्या दिवशी आडवी येते. जून-जुलैत चोर्ला घाटातून किंवा सिरसीकडं जाणार असाल तर फोल्डर बॅगेच्या आत, छत्रीच्या भरवशावर नको. आणि फील्डला जळवांसाठी तंबाखूचं पाणी लावलेले मोजे आईकडून आताच करून घ्या, निपाणीवाल्यांना तंबाखू विकत आणायला लागत नाही की.